बुरुजात अडकलेल्या ताई

माझ्या नणंदेला सगळं जग ताई म्हणतं. लॅबमधल्या मुली म्हणतात, दातांचे डॉक्टर म्हणतात, कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांच्याहून चांगला थोराड आहे, तोही म्हणतो. जन्मल्या तेव्हा सुईणीनेसुद्धा "ताई झाली" असंच बाहेर येऊन सांगितलं असेल. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. मला त्या मिरची म्हणतात. मी दिवसभर एका कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर बसते, लोकांच्या शिव्या खाते आणि "आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" असं साखरेच्या आवाजात म्हणते. माझी साखर तिथेच संपते. घरी जे पोचतं ते उरलंसुरलं, म्हणून त्या नावाबद्दल माझी तक्रार नाही.

ताई कवळ्या करतात. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात दातांची लॅब आहे, तिथे. डॉक्टरांकडून बोळक्या तोंडांच्या मापाचे साचे येतात. त्यांत प्लास्टर ओतायचं, वर मेणाची हिरडी चढवायची, तिच्यात एकेक दात उभा करायचा, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं, शिजवायचं, घासायचं, चकाकी आणायची. खोलीला खिडकी नाही. एक पंखा आहे, तो म्हणे धूळ बाहेर फेकतो. संध्याकाळी ताईंच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, त्यावरून तो कुठे फेकतो ते कळतं. कुणी समोर हसलं की ताई आधी त्याचा चावा बघणार. आमच्या लग्नात सगळे माझ्या कपड्यांचं कौतुक करत होते आणि या मला कानात म्हणाल्या, "उजवीकडची दाढ दाखवून घे हं, झिजतेय." अशी बाई!

सासूबाईंची कवळीही ताईंच्याच हातची. इतकी बेमालूम बसलीय, की सासूबाई बिस्कीट कडाकडा चावतात. त्याच दातांनी त्या लेकीला "जाऊ नको" म्हणायच्या. मला हे सगळ्यात लागायचं.

घर तसं छोटं. पुढची खोली आमची, मधे स्वयंपाकघर, मागची खोली सासूबाईंची आणि ताईंची. सासूबाईंचा पलंग भिंतीला, ताईंची खाट दाराशी, आणि दोघींच्या मधे पाठीला कुबड आलेला जुना टीव्ही. त्याच्याखाली ताईंचा व्हिडिओ गेम. डबा करडा होता, आता पिवळा पडलाय. वरच्या खाचेत कॅसेट खोचायची, पुढे दोन भोकं, त्यात तारेचे रिमोट लावायचे. ताई आणि माझा नवरा लहानपणी दोघं मिळून खेळायचे. पुढे नवऱ्याचं मन उडालं, ताईंचं उडालं नाही. दुसरा रिमोट कुठेतरी गायब झाला. नवऱ्याची खात्री होती की तो त्यानेच कुणाला तरी देऊन टाकला, आणि तो इतका विसरभोळा आहे की सगळ्यांनी मान्य केलं.

मागच्या खोलीचं दार लावायचं नाही, असा नियम. सासरे त्याच खोलीत वारले, झोपेत. सासूबाई शेजारीच होत्या आणि त्यांना सकाळपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून खोलीत कुणी नसलं की त्यांना धडकी भरते आणि दम लागतो. खरंच लागतो, नाटक नाही. ओठ पांढरे होतात. डॉक्टरांनी दहादा छाती तपासली आणि म्हणाले, फुप्फुसं ठणठणीत आहेत. पण ठणठणीत फुप्फुसांनी माणूस धापा टाकू लागला की समोरच्याने काय करायचं, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. मग ताई करायच्या. लॅबमधून सुटल्या की थेट घरी, हातपाय धुऊन खाटेवर. कुठे जाणं नाही, येणं नाही. एकदा चांगलं स्थळ चालून आलं, एकदा परगावी चिनी मातीचे दात शिकायला जायची संधी आली. दोन्ही वेळा सासूबाईंचे ओठ पांढरे झाले आणि ताईंनी "राहू दे" म्हटलं. त्या "राहू दे" म्हणतात तेव्हा आवाज अगदी साधा असतो, जसं चहात साखर राहू दे. मला मग भांडी आपटावीशी वाटतात. आपटतेही.

तर खेळ. ताईंकडे कॅसेटा पुष्कळ, पण जीव दोनच खेळांवर. दोन्ही साहसाचे: तलवार घेऊन हिंडायचं, कोडी सोडवायची, दारं उघडायची, शेवटी एका मोठ्या राक्षसाला गाठायचं. एकाचं नाव आम्ही ठेवलं होतं बेटं, दुसऱ्याचं बुरुज. खोक्यांवरची खरी नावं कुणाला वाचता येत नव्हती. बेटांमध्ये होडी मिळते आणि समुद्रात कुठेही जाता येतं. बुरुजात एक उंच काळा बुरुज, पायऱ्या, कोंदट खोल्या, आणि तुम्ही आत शिरलात की मागे दार धाडकन बंद.

रविवारी चहा घेऊन मी त्यांच्या खाटेवर बसायची आणि आमचा वाद सुरू व्हायचा. मी बेटांच्या बाजूची.

"तलवार बघा ना ताई. बेटांत कशी गरकन फिरते, तीन जण एकदम आडवे. तुमच्या बुरुजात नुसती सरळ भोसकायची, सुई टोचल्यासारखी."

"म्हणूनच नेम धरावा लागतो. बेटांत डोळे मिटून बटण बडवलं तरी चालतं."

"आणि मेलं तर? बेटांत किनाऱ्यावर जागं व्हायचं, सामान शाबूत. बुरुजात मेलं की जिथे शेवटचा दिवा लावला तिथून सगळं पुन्हा."

"मग! मेल्यावर काहीच बिघडत नसेल तर जपायचं कशाला? बेटांत आहे काय, नुसतं पाणी. बुरुजात एक वीटसुद्धा उगाच नाही. जे आहे ते कशासाठी तरी आहे, फक्त आपल्याला ते कळलं पाहिजे."

तिसरी एक कॅसेट होती, तिच्यात शूरवीराचा मधूनच बेडूक व्हायचा. ती भिकार आहे यावर आमचं एकमत होतं.

गंमत, म्हणजे कसली गंमत, ही होती की बुरुजाचं एवढं गुणगान करणाऱ्या ताई बुरुजात अडकलेल्या होत्या. खेळातसुद्धा. बुरुजात सेव्ह करायला भिंतीवरचे दिवे असतात. दिवा लावला की खेळ तिथे साठतो, आणि साठवायला जागा एकच. नवीन सेव्ह केलं की जुनं पुसलं. फार वर्षांपूर्वी, मी लग्न होऊन यायच्याही आधी, ताई एका विहिरीसारख्या गोल खोलीत उतरल्या. समोर दिवा दिसला. त्यांनी हौसेने लावला. मागे दार बंद. खोलीत एका कडेला दबणारी दगडी फरशी, दुसऱ्या कडेला लोखंडी जाळी. फरशीवर उभं राहून खालचं बटण दाबून धरलं की जाळी वर जायची. बटण सोडून धावत सुटलं की जाळीपाशी पोचता पोचता ती खाली यायची. दर वेळी. अगदी नाकासमोर.

रोज संध्याकाळी ताई ती धाव घ्यायच्या. इतक्या वर्षांत त्यांची ठाम समजूत झाली होती की आपला अंगठा कमी पडतो. "आज थोडक्यात राहिलं," म्हणायच्या. सासूबाई पलंगावरून, डोळे मिटलेले ठेवून, म्हणायच्या, "कडेकडेने पळालीस, म्हणून राहिलं." त्यांना सगळं दिसायचं.

"अहो, पहिल्यापासून सुरू करा की सरळ!" मी म्हणायची.

"आणि इतकं गोळा केलेलं? ढाल, तिन्ही किल्ल्या, ते लाल औषध? सगळं जाईल."

"मग कुणाला तरी विचारा. नेटवर शोधा, दोन मिनिटांत सापडेल."

यावर त्या खरंच रागवायच्या. कधी नव्हे ते. "विचारून काढलेलं उत्तर आपलं असतं का ग? मग खेळायचं कशाला, कुणीतरी खेळलेलं बघत बसावं." लहानपणी हे असले खेळ खेळणाऱ्यांचा तो कडक नियम होता म्हणे: अडकायचं, कुढायचं, रात्रंदिवस त्याचाच विचार करायचा, पण उत्तर विचारायचं नाही. बाकीची पोरं मोठी झाली आणि नियम विसरली. ताई विसरल्या नाहीत. घरातही नाही विसरल्या, असं मला कधी कधी वाटायचं. कुणाला काही विचारलंच नाही त्यांनी.

मग यंदा लॅबच्या मालकांनी त्यांना वर बोलावलं. समुद्राकाठच्या एका गावात ते दुसरी लॅब काढत होते. ती ताईंनी चालवायची, मुली ताईंनी निवडायच्या, राहायला लॅबच्याच वर एक खोली. महिनाअखेर सांगा म्हणाले. ताई घरी आल्या आणि मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "मिरचे, तिथे कामाच्या टेबलासमोर खिडकी आहे." बाकी काही नाही, खिडकी आहे एवढंच. त्यांच्या पांढऱ्या भुवयांखाली डोळे असे लकाकत होते की मला गलबलून आलं. या बाईला किती थोडं हवंय, आणि तेवढंही आम्ही देत नाही.

"सांगून टाका हो म्हणून. आत्ताच्या आत्ता फोन करा."

"आईला आधी सांगते."

तिथेच माशी शिंकली. आईला सांगितलं मागच्या खोलीत, त्या पलंगावर जेवत असताना. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला, "बरं झालं हो, चांगलं झालं," म्हणाल्या, आणि मग एक हात पलंगाच्या कडेवर, एक छातीवर. ओठ पांढरे. नवऱ्याने खिडक्या उघडल्या, ताईंनी पाठ चोळली, मी पाणी आणलं ते निम्मं अंथरुणावर सांडलं. दम खाली बसल्यावर नवरा माझ्याकडे बघत, म्हणजे खरं तर ताईंकडे न बघता, म्हणाला, "आत्ताच कशाला हे? पुढच्या वर्षी बघू ना."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "मी नाही म्हणून कळवते."

माझं डोकंच फिरलं. "राहू दे काय? राहू दे काय ताई? दर वेळी राहू दे! आणि तुम्ही," नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही कधी बसलात त्या खाटेवर एक दिवस? आईच्या पायाशी लेक बांधून ठेवली की मुलगा मोकळा, नाही का? फारच सोय आहे!" तो मूग गिळून बसला. त्याची ती जुनी कला आहे. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. ताई मलाच गप्प करायला लागल्या, "अगं, हळू, हळू." म्हणजे बघा.

रागाच्या भरात मी ओली चादर ओढून काढली. कोरडी सासूबाईंच्या कपाटात असते. त्या एकदम उठून बसल्या. "तू राहू दे, ताई काढेल चादर." मी कसली ऐकते! कपाट उघडलं, खालच्या कप्प्यात हात घातला, आणि चादरींच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी कडक हाताला लागलं. उलगडलं तर करडा रिमोट. पिवळा न पडलेला, नव्यासारखा. तारेची नीट गुंडाळी करून दोऱ्याने बांधलेली.

"हा बघा, हरवलेला!" नवरा म्हणाला. "मी म्हणत होतो ना मी दिला नाही म्हणून." तो असं कधीच म्हणत नव्हता, पण असो.

मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी फक्त चिडलेली होते आणि मला काहीतरी बडवायचं होतं. "ठीक आहे," म्हटलं, "ताई, नाही जायचं ना? मग खेळू. आता जन्मभर हेच करायचंय तर मलाही शिकवा." टीव्ही लावला, रिमोट दुसऱ्या भोकात खोचला. पडद्यावर तीच विहीर, तोच दिवा, ताईंचा तो निळ्या टोपीचा शूरवीर. मी जे बटण दिसलं ते दाबलं.

टुंग असा आवाज झाला आणि निळ्या टोपीच्या शेजारी एक लाल टोपीवाला उभा राहिला.

ताई खाटेच्या कडेवर बसत होत्या, त्या तशाच अर्ध्या वाकलेल्या राहिल्या. बुरुजात दुसरा गडी येतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी डावं बटण दाबलं, लाल टोपी डावीकडे गेली. मी तिला भिंतीवर आपटवली. मग ताईंनी अगदी बारीक आवाजात म्हटलं, "मिरचे. फरशीवर जा."

गेले.

"आता खालचं बटण दाब. दाबून धर. सोडू नकोस."

जाळी वर गेली आणि वरच राहिली. ताईंनी रिमोट उचलला. धावल्या नाहीत. शूरवीराला सावकाश चालवत नेलं, जाळीखालून, एक एक पाऊल. पलीकडे पायऱ्या होत्या. पायऱ्यांवर उजेड होता. वर उघडं अंगण, आणि अंगणात एक दिवा. त्यांनी दिवा लावला. मग त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"माझा अंगठा कमी नव्हता," त्या म्हणाल्या. "ते एकट्याचं कामच नव्हतं."

मी अजून बटण दाबून बसले होते, वेडीसारखी. मागून पलंगावरून आवाज आला.

"मीच ठेवला होता."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. टीव्हीची वायर दुरुस्त करायला एकदा माणूस आला होता, ताई लॅबमध्ये असताना. त्याने चालतंय का बघायला खेळ लावला, ती विहिरीसारखी खोली बघितली आणि हसला. म्हणाला, आजी, तुमच्या लेकीला सांगा, इथे दुसरा रिमोट लावून दुसरा गडी आणावा लागतो, मग दार उघडतं. सासूबाई बरं म्हणाल्या. तो गेला. त्यांनी दुसरा रिमोट काढला, तार गुंडाळली आणि चादरींखाली ठेवला.

"का, आई?" नवऱ्याने विचारलं. बिचारा खरंच गोंधळला होता.

"ते दार उघडेना म्हणून ती रोज बसायची," सासूबाई म्हणाल्या. "उघडलं असतं तर खेळ संपला असता. मग संध्याकाळी बाहेर जायला लागली असती." पुढे म्हणाल्या, "मला खोलीत कुणीतरी लागतं ग."

मला वाटलं आता ताई ओरडतील. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. ताईंनी आईकडे नुसतं बघितलं, बराच वेळ, एखादा दात तिरका बसलाय का ते बघतात तसं. मग विचारलं, "मला रोज पळताना बघायचीस?"

"हो."

"कडेकडेने पळू नको म्हणायचीस."

ताई उठल्या. "मी मालकांना फोन करते," म्हणाल्या. "जाणार म्हणून."

झालं, पलंगावर धाप सुरू. ताई दारात थांबल्या. त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता आणि दुसरा आत, आणि मला दिसत होतं की आतला पाय जिंकणार. इतक्या वर्षांची सवय ती. मी पलंगावर जाऊन बसले, सासूबाईंचा हात धरला आणि ओरडले, "जा ना ताई! मी बसलेय इथे! मी आहे!"

हे बोलताना मी कशाला होकार देतेय ते मला कळलं नव्हतं, असं कुणी म्हणेल. कळलं होतं. अगदी स्पष्ट कळलं होतं आणि मला मनातून भयंकर राग येत होता. ताईंचा नाही, सासूबाईंचाही नाही. त्या खोलीचा. तिला कुणीतरी आत लागतंच.

ताई गेल्या. जाताना खेळ ठेवून गेल्या, आईला त्या आवाजाची सवय आहे म्हणून. बेटांची कॅसेट तेवढी नेली. तिकडे जुन्या बाजारात तसलाच डबा मिळवेन म्हणाल्या. सामान उचलायच्या आधी त्यांनी आईची कवळी घासून चकचकीत करून दिली आणि आईने ती लगेच तोंडात घातली. "नीट बसतेय?" ताईंनी विचारलं. "बसतेय," सासूबाई म्हणाल्या. दोघींचा निरोप एवढाच.

ताईंच्या खाटेवर मी आले. नवरा पार्सल ऑफिसातून उशिरा येतो आणि "जमतंय ना तुला?" असं विचारतो, उत्तर ऐकायला थांबत नाही. मी फोनवरच्या शिव्या खाऊन येते, हातपाय धुते, खाटेवर बसते. सुरुवातीला सासूबाईच म्हणाल्या, "चालू कर ग ते." मी बुरुज लावला. ताईंनी अंगणात लावलेल्या दिव्यापासून पुढे खेळायला लागले. आणि काय सांगू, मला नाद लागला. पायऱ्या, कोंदट खोल्या, किल्ल्या. मागे दार धाडकन बंद झालं की आता मी दचकत नाही.

एका रविवारी ताईंचा फोन आला. "टेबलासमोरच्या खिडकीतून काय दिसतं?" मी विचारलं.

"समोरच्या इमारतीची भिंत," ताई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाईंनी मान वळवली. "पण ऊन येतं ग. भिंतीवर पडून आत येतं. आणि मिरचे, मी बेटं खेळतेय. तू म्हणायचीस ते खरं होतं. होडी काढली की बरं वाटतं. कुठेच पोचायची घाई नसते."

"बेटांत आहे काय," माझ्या तोंडून गेलं, "नुसतं पाणी. बुरुजात एक वीटसुद्धा उगाच नाही."

ते वाक्य त्यांचं होतं, जसंच्या तसं, आवाजासकट. मग त्या म्हणाल्या, "मिरचे, तू संध्याकाळी बाहेर जातेस की नाही?"

"जाते की," मी म्हटलं. फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगून टाकलं की आज मी येते, तुझ्याबरोबर चालायला येते, वाटेल तितकं चालू. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, "आज मी तासभर बाहेर जाणार आहे."

"जा की," त्या म्हणाल्या. "कालचं ते दार तेवढं होऊ दे आधी."

कालचं दार म्हणजे बुरुजात वर आणखी एक दगडी फरशी लागली होती, तसलीच, आणि समोर जाळी. दुसरा गडी आणल्याशिवाय सुटणार नव्हती. मी टीव्हीखाली हात घातला. दुसरं भोक रिकामं. रिमोट नाही.

"आई, रिमोट कुठे आहे?"

"असेल तिथेच कुठेतरी," सासूबाई म्हणाल्या. डोळे मिटलेले. चादरीची कड मुठीत घट्ट धरलेली.

मी मधोमध उभी राहिले. मला ओरडायचं होतं. मग ती मूठ बघितली. बोटांची पेरं पांढरी झाली होती. या बाईला चोरी पकडली जाणार हे ठाऊक होतं, मी कपाट उघडणार हे ठाऊक होतं, तरी तिला यापलीकडे दुसरं काही सुचलं नव्हतं. मी कपाट उघडलं, खालच्या कप्प्यात हात घातला, टॉवेल उलगडला. तार नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. मी दोरा तोडला, रिमोट भोकात खोचला आणि तो सासूबाईंच्या हातात कोंबला.

"धरा."

"मला कुठे येतं ते!"

"इतकी वर्षं बघताय, येतं की नाही ते मला सांगू नका. हे बटण दाबा. बघा, आली लाल टोपी. हं, आता डावीकडे. अजून. कडेकडेने नको."

त्यांनी कवळी घट्ट दाबून धरली होती, जिना चढताना धरतात तशी. लाल टोपी दोनदा भिंतीवर आपटली, मग अडखळत फरशीवर आली.

"खालचं दाबा. दाबून ठेवायचं."

जाळी वर गेली. मी माझ्या शूरवीराला पलीकडे नेलं, पायऱ्या चढवल्या, वरचा दिवा लावला. मग रिमोट खाटेवर ठेवला आणि चपला पायात घातल्या. सासूबाई पडद्याकडे बघत होत्या, दोन्ही अंगठे एकाच बटणावर, कपाळावर घाम. दम लागायला त्यांना सवडच नव्हती.

"गेलीस ना पलीकडे?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "आता सोडू?"

"नाही," मी दारातून म्हटलं. "मी येईपर्यंत धरून ठेवा."